पाहुण्याच्या अंगावरची खूण

निपाणीकडच्या एका वाचक ताईंचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. सासरी मराठी, माहेरी कन्नड, त्यामुळे पत्रातही दोन्ही भाषा हातात हात घालून चालल्या आहेत. त्यांची थोरली लेक भोपाळला शिकते. तिथल्या मोठ्या तलावाचं पाणी बाटलीत भरून आणते आणि त्यातले व्हायरस शोधते, एवढंच त्यांना फोनवरून कळलं आहे. ताई लिहितात, भोपाळ म्हटलं की आधीच पोटात गोळा येतो, त्यात आणि व्हायरस! शिवाय गेले तीन महिने लेक हिरमुसली आहे. एका जंतूत भरभरून वाढणारा तिचा व्हायरस त्याच जातीच्या दुसऱ्या जंतूत काही केल्या वाढत नाही. 'यजमान जंतूची एन्झाइम्स बघ,' असं तिचे सर म्हणतात. वडील म्हणतात, 'पुरे झालं, परत ये आणि बी.एड. कर.' ताईंचे प्रश्न दोनच आहेत. यात धोका आहे का? आणि याचा उपयोग काय, चार लोकांत काय सांगायचं?

ताई, तुमचे प्रश्न बऱ्याच घरांतले आहेत. आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मुलं आता दूरदूर विज्ञान शिकायला जातात आणि घरी आईवडिलांना त्यांचं काम सांगता येत नाही, ना त्यांना ते नीट समजावता येतं. म्हणून आजचा सगळा लेख तुमच्या पत्राला.

पहिल्यांदा धोक्याचं. भोपाळ म्हटलं की आपल्या पिढीला २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवते, ते साहजिकच आहे. पण तो विषारी वायू होता, त्याचा जंतूंशी संबंध नाही. तुमची लेक ज्या तलावाकाठी जाते तो परंपरेप्रमाणे अकराव्या शतकात राजा भोजानं बांधवला असं सांगतात. आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो मोठा आधार आहे, आणि २००२ साली रामसर कराराखाली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव गेलं. अशा कुठल्याही तलावाच्या चमचाभर पाण्यात कोटींच्या घरात व्हायरस असतात. त्यातले बहुतेक माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. ते फक्त जीवाणूंना, म्हणजे बॅक्टेरियांना धरतात. त्यांना बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज म्हणतात. जीवाणू खाणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या शरीरातल्या पेशींत त्यांना शिरताच येत नाही. प्रयोगशाळेत जपायचं असतं ते ज्या जीवाणूवर काम चालतं त्यापासून, आणि शिकणाऱ्यांना सहसा निरुपद्रवी वाणच देतात. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त असा.

फेजचा शोध शंभर वर्षांपूर्वीचा. १९१५ साली लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिसला फेलिक्स देरेल यांना ते सापडले. त्याच्याही आधी, १८९६ साली, आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. त्या गुणामागे फेज असावेत असं पुढे अनेकांनी मानलं. याचा अर्थ नदीचं पाणी तसंच प्यावं असा मात्र नाही. पाणी उकळूनच प्यायचं!

आता लेकीच्या कामाकडे येऊ. काचेच्या बशीत खिरापतीच्या वडीसारखा घट्ट थर ओततात, त्यावर जीवाणू पसरतात आणि तलावाच्या गाळलेल्या पाण्याचे थेंब टाकतात. रात्रभरात जीवाणूंची दुधी साय सगळीकडे धरते. पण जिथे फेज असतो तिथे सायीत स्वच्छ गोल भोक पडतं. एका जीवाणूत शिरलेला फेज अर्ध्या तासात शंभर-दोनशे पिल्लं घालतो, घर फोडून बाहेर पडतो, शेजारच्या जीवाणूंत शिरतो. असं होत होत डोळ्यांना दिसेल एवढं भोक तयार होतं. भोकं मोजली की फेज किती ते कळतं. तुमच्या लेकीला एका बशीत शेकडो भोकं दिसतात आणि दुसरीत एखादंच, किंवा एकही नाही. तिचं रडगाणं ते हेच.

हे का होतं ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. व्हायरसला स्वतःचं स्वयंपाकघर नसतं. त्याच्याकडे असते ती डीएनएची एक लांब दोरी, म्हणजे लिहिलेली पाककृती, आणि तिच्याभोवती एक डबी. पिल्लं तयार करायला लागणारी भांडी, चूल, शिधा सगळं यजमान जीवाणूचं. ही भांडी-चूल म्हणजेच एन्झाइम्स. एन्झाइम म्हणजे एखादं ठरावीक काम झटपट करणारं प्रथिन, आपल्या शाळेच्या पुस्तकातलं विकर. आपल्या लाळेतही ते असतं, म्हणून भाकरी चावून चावून गोड लागते. टी-सेव्हन नावाचा एक फेज आहे. तो आपली डीएनए उतरवून घ्यायचं एन्झाइम स्वतः बनवतो, पण त्याला जोडीला यजमानाचं थायोरेडॉक्सिन नावाचं एक प्रथिन लागतंच. ते नसलेल्या जीवाणूत टी-सेव्हनची वाढ थांबते. म्हणजे यजमानाच्या घरात काय आहे आणि काय नाही, यावर पाहुण्याचं पोट अवलंबून.

पण यजमानाची सगळीच एन्झाइम्स काही स्वयंपाकी नसतात. काही पहारेकरी असतात. या पहारेकऱ्यांचा पत्ता लागला तो अगदी तुमच्या लेकीसारख्याच कोड्यातून.

साल्वादोर लुरिया हे मूळचे इटलीचे. १९४० साली ते युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेला गेले. पुढे इलिनॉय विद्यापीठात काम करताना त्यांना ई. कोलाय जीवाणूचा एक विचित्र वाण मिळाला. टी-टू नावाचा फेज त्यात शिरायचा, जीवाणू मरायचा, पण बाहेर आलेले फेज नेहमीच्या ई. कोलायवर टाकले की भोकं पडायचीच नाहीत. जणू पिल्लं झालीच नव्हती. एके दिवशी नेहमीच्या ई. कोलायची नळी फुटली. आता हातातलं काम वाया जाणार, म्हणून लुरियांनी शेजारच्या सहकाऱ्याकडून शिगेला नावाचा दुसराच जीवाणू मागून आणला आणि त्यावर ते फेज टाकले. सकाळी बघतात तो बशी भोकांनी भरलेली! पिल्लं झाली होती, चांगली धडधाकट होती. फक्त नेहमीच्या ई. कोलायला ती चालत नव्हती. गंमत पुढेच आहे. शिगेलात एकदा वाढून निघालेली पिल्लं पुन्हा नेहमीच्या ई. कोलायमध्ये मजेत वाढू लागली. लुरिया आणि त्यांच्या सहकारी मेरी ह्यूमन यांनी १९५२ साली हे प्रसिद्ध केलं.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ज्यूझेप्पे बर्तानी आणि जाँ वाइगल यांनी दुसऱ्या फेजांवर असंच दाखवलं. त्यातला लॅम्डा नावाचा फेज प्रसिद्ध आहे. ई. कोलायच्या 'सी' वाणात वाढलेला लॅम्डा 'के' वाणावर टाकला तर दहा हजारांत दोनचारच तगतात. पण जे तगतात त्यांची पिल्लं 'के'मध्ये शंभर टक्के वाढतात. त्याच पिल्लांना एकदा 'सी'मध्ये वाढवा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा रक्तातला, म्हणजे आनुवंशिक बदल नव्हता. तसा असता तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला असता. फेज शेवटी कुणाच्या घरात राहून आला, एवढ्यावर सगळं ठरत होतं.

आपल्याला हे पटकन कळावं. आपल्याकडचं पोर धारवाडला मामाकडे वाढलं की त्याच्या मराठीला कन्नड हेल येतो. सुट्टीत पुण्याला गेलं की तिथली मुलं लगेच विचारतात, 'तू कुठला रे?' रक्त तेच, आडनाव तेच, पण ज्या घरात वाढलं त्या घराची खूण बोलण्यावर. दोन वर्षं पुण्यात राहिलं की हेल बदलतो. फेजचंही तसंच. मात्र पुण्याची मुलं फार तर हसतात, जीवाणूचा पहारेकरी थेट कात्री चालवतो.

ही कात्री आणि खूण दोन्ही शोधून काढली ती जिनिव्हाच्या व्हेर्नर आर्बर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डेझी डुसवा यांनी, १९६२ साली. त्यांनी दाखवलं की खूण असते ती फेजच्या डीएनएवरच, आणि खूण नसलेली डीएनए जीवाणूत शिरली की तिचे तुकडे पडतात. कन्नडमध्ये कात्रीला कत्तरी म्हणतात आणि खुणेला गुरुतु. तेव्हा आपल्या घरात समजावायचं तर असं सांगता येईल: बहुतेक जीवाणूंकडे दोन नोकर असतात, एक कत्तरीवाला आणि एक गुरुतुवाला.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. कत्तरीवाला त्या ओळीत एक ठरावीक शब्द शोधत फिरतो. ई. कोलायच्या एका वाणातला इको-आर-वन नावाचा कत्तरीवाला 'जी-ए-ए-टी-टी-सी' हाच शब्द शोधतो आणि तिथेच कापतो. लॅम्डाची ओळ ४८,५०२ अक्षरांची आहे. तीत हा शब्द ५ ठिकाणी येतो, म्हणजे तिचे ६ तुकडे पडतात आणि फेजचा खेळ खलास. पण मग जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही हा शब्द असतोच की! तिथे गुरुतुवाला कामी येतो. तो त्याच शब्दातल्या एका अक्षरावर मिथाइल नावाचा छोटासा गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटवून ठेवतो. कुंकवाच्या टिकलीएवढी खूण. टिकली दिसली की कत्तरीवाला हात लावत नाही. जीवाणूची डीएनए दुप्पट होते तेव्हा नव्या प्रत्येक दोरीची एक बाजू जुनी, टिकली असलेली असते. तेवढ्यावर तो थांबतो आणि गुरुतुवाला नव्या बाजूला टिकली लावून घेतो.

आता बर्तानी-वाइगल यांचं कोडं सुटतं. परक्या घरून आलेला फेज आत शिरला की शर्यत लागते: कत्तरी आधी की टिकली आधी? बहुतेक वेळा कत्तरी जिंकते. दहा हजारांत दोनचारदा टिकली आधी लागते आणि मग त्या फेजची सगळी पिल्लं घरचीच ठरतात.

लुरियांच्या फेजचं कोडं सुटायला मात्र १९६० चं दशक उजाडलं, आणि त्यात स्वयंपाकी आणि पहारेकरी दोघांचाही हात निघाला. टी-टू आपल्या डीएनएवर ग्लुकोजचा, म्हणजे साखरेचा, लेप चढवतो. लेप असला की ई. कोलायच्या काही कात्र्या चालत नाहीत. लेप चढवणारं एन्झाइम फेजचं स्वतःचं असतं. पण साखर मात्र घरमालकाच्या डब्यातली! ती वापरण्याजोगी करून ठेवणारं यजमानाचं एक एन्झाइम लुरियांच्या त्या विचित्र वाणात नव्हतं. डबा रिकामा, म्हणून पिल्लं लेपाविना बाहेर पडली, आणि नेहमीच्या ई. कोलायनं त्यांना कापून टाकलं. शिगेलाकडे ती कात्री नव्हती आणि साखरेचा डबा भरलेला होता, म्हणून तिथे पिल्लांचं निभावलं आणि पुढच्या पिढीला लेपही मिळाला.

आर्बरांच्या मुलीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९७८ साली आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ या तिघांना नोबेल मिळालं, तेव्हा आर्बरांची सिल्व्हिया दहा वर्षांची होती. वडिलांनी तिला आपलं काम सांगितलं आणि तिनं त्याची परीकथा केली. जीवाणूंची वसाहत म्हणजे नगर, त्यातल्या प्रत्येक जीवाणूत एक लांबडा किडकिडीत राजा, आणि त्याचे बुटके जाडे नोकर. त्यातल्या एका नोकराकडे कात्री. परका राजा आला की तो त्याचे तुकडे करतो, आपल्या राजाला धक्का लावत नाही. आर्बरांनी ही परीकथा आपल्या नोबेलच्या आत्मवृत्तात दिली आहे. सिल्व्हिया पुढे मेंदूविज्ञानातल्या नावाजलेल्या संशोधक झाल्या. घरात मुलांना आपलं काम सांगितलं, किंवा मुलांनी आईवडिलांना सांगितलं, तर काय होतं त्याचं हे उदाहरण. ताई, तुमच्या लेकीलाही म्हणा, मला गोष्ट करून सांग.

आता दुसरा प्रश्न, उपयोगाचा. आर्बर फेज का वाढत नाही एवढंच शोधत होते. त्यातून कुणाचा रोग बरा होईल असं त्यांनाही वाटलं नसणार. पण १९७० साली हॅमिल्टन स्मिथ यांनी केंट विलकॉक्स यांच्याबरोबर ठरावीक शब्दावरच कापणारी कात्री वेगळी काढली आणि त्या शब्दाचा छडा लावला. १९७१ मध्ये नेथन्स आणि त्यांच्या विद्यार्थिनी कॅथलीन डॅना यांनी ती वापरून एका व्हायरसच्या डीएनएचे ११ तुकडे मोजून दाखवले. शिंप्याला कात्री मिळावी तसं झालं. हवा तो तुकडा कापायचा, हवा तिथे जोडायचा. याच कात्र्यांच्या जोरावर १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनची पाककृती ई. कोलाय जीवाणूत बसवली गेली, आणि १९८२ साली असं इन्सुलिन अमेरिकेत बाजारात यायला परवानगी मिळाली. त्याआधी इन्सुलिन मिळायचं ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या वोक्हार्टनं आणि बंगळुरूच्या बायोकॉननंही यीस्टच्या मदतीनं माणसाचं इन्सुलिन बनवायला सुरुवात केली. आपल्या घराघरांत फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, आजोबांची ती बाटली असते. तिचा उगम एका न वाढणाऱ्या फेजमध्ये आहे. चार लोकांत सांगायला एवढं पुरेल.

हे काम फक्त परदेशात झालं असंही नाही. आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखांत ते जोमानं चालत आलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत देसिराजू राव यांनी इको-पी-फिफ्टीन-वन नावाच्या कात्रीवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथेच व्ही. नागराजा यांनी म्यू नावाच्या फेजची एक लबाडी उलगडायला आयुष्याचा मोठा काळ दिला. हा फेज आपल्या डीएनएतल्या 'ए' अक्षरांवर स्वतःच एक वेगळी खूण करतो, त्यामुळे यजमानाच्या बऱ्याच कात्र्या गोंधळतात. ही लबाडी करणाऱ्या जनुकाला 'मॉम' म्हणतात, म्हणजे गमतीनं आईच की! आणि हे जनुक जागं व्हायला यजमानाच्याच एका खूण करणाऱ्या एन्झाइमची मदत लागते. घरमालकाच्याच शाईनं पाहुणा खोटा शिक्का मारतो म्हणा ना. टी-सेव्हनची युक्ती निराळी. तो आत शिरल्या शिरल्या एक प्रथिन बनवतो, ते डीएनएसारखं दिसतं. शेतातल्या बुजगावण्यावर जसे पक्षी फसतात, तसा कत्तरीवाला त्यालाच धरून बसतो.

पुण्याला २००६ साली आयसर ही संस्था सुरू झाली. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, भोपाळलाही तिची भावंड संस्था निघाली. पुण्याच्या आयसरमध्ये सायकृष्णन कायरत यांच्या गटानं ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांबरोबर एल-एल-ए-बी-थ्री नावाच्या कात्रीचा आकार आणि कामाची पद्धत २०१५ साली मांडली. ही कात्री आपला शब्द सापडला की तिथेच कापत नाही. ती डीएनएवरून इंजिनासारखी धावत सुटते, समोरून येणाऱ्या दुसऱ्या कात्रीला धडकते आणि त्या धडकेच्या जागी दोरी तुटते. ही कात्री कुणाची ठाऊक आहे? लॅक्टोकॉकस लॅक्टिसची. म्हणजे दुधाचं दही आणि चीज करणाऱ्या जीवाणूची!

आपल्या विरजणात, माहेरच्या भाषेत हेप्पुमध्ये, याच गोतातले जीवाणू असतात. डेअरीत हजारो लिटर दुधात विरजण घातलं आणि त्यात फेज घुसला तर दूध आंबतच नाही, सगळी खेप वाया. न्यूझीलंडमध्ये १९३५ सालीच चीजच्या विरजणाला फेज लागल्याचं लक्षात आलं होतं. म्हणून डेअऱ्या विरजणाचे वाण आलटून पालटून वापरतात. एका वाणाच्या खुणेचा फेज साठला तरी दुसऱ्याच्या कत्तरीपुढे त्याचं चालत नाही. २००७ साली दह्याच्याच एका जीवाणूत पहाऱ्याची आणखी एक पद्धत प्रयोगानं सिद्ध झाली. आधी येऊन गेलेल्या फेजचा तुकडा तो जीवाणू आठवण म्हणून जपून ठेवतो. तिचं नाव क्रिस्पर. तिच्यावरून तयार झालेल्या जनुककात्रीला २०२० चं नोबेल मिळालं.

पुण्याच्या त्याच गटानं २०१९ साली स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांसह मॅक-बी-सी नावाच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली. साखरेचा लेप नसलेल्या टी-टूसारख्या फेजांना कापणाऱ्या ई. कोलायच्या कात्र्यांपैकी ही एक. लुरियांच्या नळीच्या वेळी जी कुणालाच माहीत नव्हती, तिची चक्रं आणि दाते आता चित्रात बघता येतात. मधे ६७ वर्षं गेली. विज्ञानात हे असंच चालतं, त्यामुळे तुमच्या लेकीचे तीन महिने म्हणजे फार नाहीत.

शेवटी आजच्या निकडीचं. पुष्कळ जंतू आता प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक्सना, जुमानत नाहीत. घराघरांत डॉक्टरांना न विचारता गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की अर्धवट सोडायच्या, हेही त्याचं एक कारण आहे. अशा जंतूंवर फेज सोडता येतील का, हा विचार जुनाच. जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात त्यासाठी १९२३ पासून संस्था आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अशाच हट्टी जंतूमुळे बेशुद्धावस्थेत होते. सगळी औषधं थकल्यावर डॉक्टरांनी खास परवानगी काढून त्यांना फेज दिले आणि ते बरे झाले. पण हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळणारं नाही. रुग्णाच्या नेमक्या जंतूत वाढणारा फेज हुडकावा लागतो, आणि त्यात अडचण नेमकी तीच येते, जी तुमच्या लेकीला भेडसावते आहे. एका वाणात पोसलेला फेज दुसऱ्या वाणात वाढेलच असं नाही. तो कुठल्या घरात वाढवला, त्याच्यावर कुठली खूण आहे, रुग्णाच्या जंतूकडे कुठली कत्तरी आहे, हे माहीत नसेल तर औषध फुकट जाईल.

म्हणून तिचे सर सांगतात ते बरोबरच आहे. फेज वाढत नाही याची साधारण तीन कारणं असू शकतात. एक, जीवाणूचं दारच बंद असेल, म्हणजे फेजला चिकटायला जागा नसेल. दोन, आतल्या स्वयंपाकघरात काही तरी नसेल. तीन, पहारेकरी कापत असेल. तिसरं कारण ओळखायला खर्चीक यंत्र लागत नाही. दुसऱ्या जंतूवर जे एखादं भोक पडतं त्यातला फेज उचलायचा आणि पुन्हा त्याच जंतूवर टाकायचा. आता भोकंच भोकं पडली, आणि पहिल्या जंतूत एक फेरी मारून आणल्यावर पुन्हा पडेनाशी झाली, तर समजायचं की खूण आणि कत्तरीचा खेळ आहे. पहिल्या घरची फेरी मारूनही गुण टिकला, तर फेजच्या लिखाणातच बदल झाला आहे. १९५३ साली बर्तानी आणि वाइगल यांनी हेच केलं, तेही काचेच्या बशा आणि भोकं मोजणारं बोट एवढ्या भांडवलावर.

बी.एड. वाईट नाही, ताई. शिकवणारे चांगले लागतातच. पण तो निर्णय 'हिचं काही होत नाही' म्हणून घेऊ नये. तिच्या बशीतली कोरी साय म्हणजे नापास झाल्याचा शेरा नाही, तिथे कुणीतरी पहाऱ्यावर आहे एवढाच त्याचा अर्थ. तुम्हीच नव्हे, ज्या ज्या घरचं पोर असं काही शिकतं आहे त्या सगळ्यांना एक सांगतो. पुढच्या फोनवर 'जेवलीस का' विचारून झालं की आणखी एक विचारा: 'तुझा फेज याआधी कुणाच्या घरी वाढला होता?' पलीकडून जे उत्तर सुरू होईल ते लवकर संपणार नाही. तेवढा वेळ हाताशी ठेवा.